चावीवाले आप्पा

आप्पांच्या पाया पडायला वाकलं की ते पाठीवर हात ठेवतात, पण नजर आपल्या पाठीवरून पलीकडे गेलेली असते. गाडीखाली. मुंबईहून आलेला पुतण्या वाळला की सुटला, पोरं किती वाढली, सुनेनं केस का कापले, हे प्रश्न काकीच्या खात्यातले. आप्पांचं खातं वेगळं. "ठिबकत नाय ना काय?" हा त्यांचा पहिला प्रश्न, आणि तो दर वेळी गाडीबद्दलच असतो असं नाही. एकदा मी सर्दी घेऊन गेलो होतो, तेव्हाही हाच होता.

आप्पा माझे चुलत चुलते. मंडणगड स्टँडपासून चारेक किलोमीटरवर आमची वाडी, वाडीच्या टोकाला त्यांचं घर. त्यांच्याकडे गाडी नाही, त्यांना गाडी चालवता येत नाही, आणि गाडीत पुढच्या सीटवर बसलं की ते पट्टा लावण्याऐवजी हातात धरून बसतात. तरीही आमच्या पंचक्रोशीत कुणाच्या गाडीला पाण्याचा त्रास झाला की माणूस आधी आप्पांकडे येतो आणि मग गॅरेजात जातो. कारण आप्पांचा विषय गाडी नाही. आप्पांचा विषय पाणी.

मुंबई महापालिकेच्या पाणीखात्यात त्यांनी छत्तीस वर्षं नोकरी केली, त्यातली बहुतेक चावीवाला म्हणून. ज्यांनी चाळ पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायचं, छातीएवढी उंच चावी आतल्या व्हॉल्व्हला लावायची आणि आटे मोजत फिरवायची. आप्पा चावी फिरवायचे तेव्हा लालबाग-परळच्या ठरावीक चाळींत माणसं उठायची, बादल्या वाजायच्या, भांडणं सुरू व्हायची. त्यांनी चावी उलटी फिरवली की मुंबई पुन्हा झोपायची. त्या भागात त्यांना नगरसेवकापेक्षा जास्त चहा मिळायचा, आणि त्यात काही चूक नव्हतं. नगरसेवक पाच वर्षांनी येई, पाणी रोज यायला लागे.

नोकरी सुटली तरी पाणी सुटलं नाही. आंघोळीला बसल्यावर बाकीचे लोक गंगा-यमुनेचं नाव घेतात. आप्पा डोक्यावर पहिला तांब्या घेताना "विहार, तुळशी, तानसा" म्हणतात. दुसऱ्या तांब्याला मोडकसागर, अप्पर वैतरणा, भातसा. मध्य वैतरणा 2014 साली झालं, म्हणजे ते निवृत्त झाल्यानंतर. त्याचं नाव ते घेत नाहीत, सावत्र भावाचं घेत नाहीत तसं. तुळशी नावाचं गाव आमच्याच तालुक्यात आहे. त्यामुळे मुंबईनं तलावाचं नाव मंडणगडहून नेलं असं त्यांचं प्रामाणिक मत आहे आणि ते खोडून काढण्याच्या भानगडीत वाडीत कुणी पडत नाही.

तानसावर त्यांचं विशेष प्रेम. तानसाचं पाणी उतारानं येतं. 1892 पासून येतंय, उताराला पगार नाही, रजा नाही, युनियन नाही. भातसाचं पाणी पिसे इथे पंपानं उचलावं लागतं, म्हणून भातसाबद्दल बोलताना त्यांचा आवाज जरा पडतो, एखाद्या घरजावयाबद्दल बोलावं तसा.

पण चावीनं त्यांचा स्वभाव घडवला नाही. तो घडवला नोकरीच्या शेवटच्या दहा वर्षांनी. तेव्हा ते गळती शोधणाऱ्या गँगमध्ये होते. हे काम रात्रीचं. रहदारी थांबली की दीड-दोनच्या सुमाराला लोखंडी दांडी पाइपावर टेकवायची, दुसऱ्या टोकाला कान लावायचा आणि जमिनीखाली पाणी कुठे फुटतंय ते ऐकायचं. दहा वर्षं मध्यरात्री रस्त्यावर ओणवं होऊन जो माणूस ऐकत राहिला, त्याला पुढे दिवसाउजेडीही सगळीकडे तेच ऐकू येऊ लागलं तर नवल नाही. निवृत्तीला त्यांना शाल आणि नारळ मिळाला. दांडी त्यांनी गावी आल्यावर लोहाराकडून तोंडी माप सांगून तशीच बनवून घेतली. ती ओटीवर, देवांच्या फोटोंच्या रांगेत उभी असते.

गावच्या नळयोजनेच्या प्रत्येक जोडावर त्यांनी कान लावलेला आहे. फिटर आता आमच्या वाडीत यायचं तर वरच्या पाणंदीनं येतो. पुतणीच्या लग्नात ते पंगतीत वाढायला नव्हते, आचाऱ्याच्या मागे उभे होते. दोनशे पानं बसली आणि सव्वादोनशे पानांचा भात गेला, म्हणजे पंचवीस पानं गळती, असा अहवाल त्यांनी व्याह्यांना वरातीच्या वेळी दिला. व्याही अजून बोलत नाहीत. माझ्या मोबाइलवर एकदा पैसे कापल्याचा मेसेज आला तो त्यांनी बघितला.

"हे काय?"

"मालिका बघायचे, आप्पा. दर महिन्याला जातात."

"बघतोस?"

"नाही. वेळ कुठे असतो?"

"मंग ठिबकतंय की रं."

मी त्याच रात्री ते बंद केलं. सांगायचं एवढंच की आप्पा बहुतेक वेळा बरोबर असतात, आणि त्यांचा त्रास होतो तो त्यामुळेच.

गेल्या मे महिन्यात आम्ही विरारहून निघालो. पनवेल, माणगाव, लोणेरे फाट्यावरून आत गोरेगाव, मग आंबेतला सावित्री ओलांडून म्हाप्रळ. शेनाळे घाट चढताना गाडीत गोडसर, काहीतरी करपल्यासारखा वास आला. बायको म्हणाली, "पोरांनी चिक्की सांडली असेल." पोरांनी चिक्की सांडली होती हे खरं असल्यामुळे विषय तिथंच मिटला. गाडी तिसऱ्या वर्षातली, 43,000 किलोमीटर झालेली. सगळी सर्व्हिसिंग वेळेवर, शिक्क्यांसकट. अशा गाडीच्या वासाकडे माणूस लक्ष देत नाही.

आप्पांचं अंगण मे महिन्यात बघण्यासारखं असतं. वर माटव, खाली काकीनं शेणानं सारवलेली, हाताच्या बोटांचे अर्धगोल उमटलेली जमीन. डांबरावर, फरशीवर, विरारच्या आमच्या पार्किंगमधल्या पेव्हर ब्लॉकवर थेंब पडला तर तो कधी पडला आणि कधी सुकला, कळतसुद्धा नाही. सारवलेल्या जमिनीवर तो रुपयाएवढा गोल होऊन बसतो. मी गाडी लावून पाया पडायला वाकलो, आप्पांचा हात पाठीवर आला, आणि तिथंच थांबला.

"ठिबकतंय."

"एसीचं पाणी असेल, आप्पा."

"एसीचं खंय पडतं?"

"डाव्या बाजूला."

"ह्ये उजव्या बाजूला हाय."

ते गाडीपाशी जाऊन उकिडवे बसले. थेंबाची कड हिरवट होती. आप्पांनी त्यावर बोट टेकवलं आणि बोट जिभेकडे निघालं. हयातभर ज्यानं पाणी चाखून सांगितलं, त्याची ही सवयच. मी ओरडलो तो असा की काकी स्वयंपाकघरातून पळी घेऊन बाहेर आली. कूलंटमध्ये एथिलीन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोड, आणि पोटात गेलं तर मूत्रपिंडं निकामी करणारं. कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मरतात. मी हे सांगितल्यावर काकीनं आधी मांजर आत कोंडलं, मग थेंबावर चुलीतली राख टाकली, आणि मग माझ्याकडे असं बघितलं, जणू मी घरात साप घेऊन आलो होतो.

"पाण्यात इख घालतात?" आप्पांना हे झेपेना. छत्तीस वर्षं त्यांनी पाण्यात फक्त क्लोरीन बघितला होता. "कशापायी?"

"पाण्याचा बर्फ होऊ नये म्हणून."

आप्पांनी माटवाच्या फटीतून सूर्याकडे बघितलं. मे महिन्यातले साडेबारा. मग माझ्याकडे बघितलं. काही बोलले नाहीत, आणि त्यांच्या न बोलण्याचा मला जितका अपमान वाटला तितका बोलण्याचा वाटला नसता.

मी घाईघाईनं बाकीची कामं सांगितली. साध्या पाण्यापेक्षा ते उशिरा उकळतं, आतल्या लोखंडाला नि ॲल्युमिनियमला गंज धरू देत नाही, पंपाच्या सीलला वंगण देतं. "म्हंजे पाण्याचं तेल," आप्पा म्हणाले, आणि बर्फाचा गुन्हा माफ झाला. मग त्यांनी काकीकडून एक वाटी मागून घेतली, थेंबाखाली ठेवली, घड्याळ काढलं. मिनिटाला चार थेंब. वीस थेंबांचा एक मिलिलिटर. म्हणजे तासाला 12, दिवसाला 288. गाडीत एकूण पाणी सव्वाचार लिटर धरलं तर पंधरा दिवसांत टाकी कोरडी. "आणि हा हिशेब गाडी उभी असतानाचा," ते म्हणाले. "चालू केलीस की प्रेशर येणार. मंग हिशेब माझ्या बापाला बी येनार नाय."

पाणी खाली गेलंय हे गाडीनं सांगायला नको का, असं त्यांनी विचारलं. काटा कुठाय? मी म्हटलं, आता काटा नसतो, खूपच तापली तर लाल दिवा लागतो. आप्पांना एसटीचे ड्रायव्हर आठवले, घाटमाथ्यावर गाडी उभी करून, बॉनेट उघडून, फडक्यानं झाकण सोडवून पाणी पाजणारे. "तवा बैलावानी पाजायचे," ते म्हणाले. "आता मेल्यावर दिवा लावतात."

रात्री दोन वाजता त्यांनी मला उठवलं.

दोन ही त्यांची वेळ. दिवसा काय कप्पाळ ऐकू येणार, कोंबडी ओरडतात. मी गाडी चालू केली. त्या शांततेत तो आवाज थेट गडावर जाऊन आपटला असावा. समोरच्या घरात दिवा लागला, मग शेजारच्या, मग वाडीभर. बॅटऱ्या घेऊन माणसं जमली. कुणी म्हणालं डिझेल कमी असेल (गाडी पेट्रोलची), कुणी म्हणालं दृष्ट काढा, एकानं अंगावर चादर घेऊन आप्पांना बसायला पाट आणला. आप्पांनी दांडी देवांपासून उचलली, बॉनेटमधून आत घातली, मला विचारून विचारून नेमकी पंपाच्या अंगावर टेकवली आणि दुसऱ्या टोकाला कान लावून डोळे मिटले. बारा-पंधरा माणसं श्वास धरून उभी. मी आप्पांना इतकं सुखी कधी बघितलं नव्हतं.

"कण्हतोय," ते म्हणाले, आणि दांडी माझ्याकडे दिली.

मी कान लावला. आधी नुसता गडगडाट. मग त्याच्या पोटात एक बारीक, एकसुरी, जात्यात दाणा नसताना दगडावर दगड फिरतो तसा आवाज. तो एकदा ऐकू आला की मग दुसरं काही ऐकूच येईना. रांगेतल्या प्रत्येकानं एकेकदा ऐकलं. शेवटी काकीनं ऐकलं आणि म्हणाली, "आता सगळ्यांनी ऐकलान ना? मंग बंद करा, पोरं उठतील."

झोपायला जाताना मला आणखी एक आवाज आला. टप. टप. न्हाणीतल्या नळाचा. मी म्हटलं, आप्पा, तुमच्याच घरात गळती? आप्पा पाठ न वळवता म्हणाले, "ती गळती नाय. ती काकीची केळ." न्हाणीमागे केळी होत्या आणि त्या मे महिन्यातही हिरव्यागार होत्या. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि मे महिन्यात टँकरची वाट बघावी लागते, अशा मुलखात कुठल्या थेंबाला काय म्हणायचं, याचे नियम घरागणिक वेगळे असतात.

सकाळी गाडीत पाणी भरायचं होतं. विहीर तळाला गेलेली. काकीनं एक कळशी दिली, ती देवाला सोन्याचा दागिना वाहावा तशा चेहऱ्यानं. आम्ही दर किलोमीटरला थांबत मंडणगडला पोचलो. गॅरेजवाल्या मिस्त्रीनं मागचा-पुढचा विचार न करता एकच प्रश्न केला.

"आत काय काय घातलंय?"

इथं मला घाम फुटला. गाडीबरोबर आलेला कूलंट हिरवा होता. गेल्या वर्षी एका पंपावर हवा भरणाऱ्यानं "लेव्हल कमी आहे" म्हणून लाल ओतला. आणि जानेवारीत माणगावजवळ मी स्वतः, हुशारीनं, पिण्याच्या पाण्याची अर्धी बाटली ओतली होती. महागाची होती. मला वाटलं होतं, शुद्ध पाणी आहे, गाडी खूश होईल. मिस्त्री म्हणाला, डिस्टिल्ड घालायचं असतं, पिण्याच्या पाण्यात क्षार असतात, आणि दोन रंगांचे कूलंट एकमेकांशी पटवून घेतातच असं नाही. आप्पा माझ्याकडे बघत होते. ठिबकायला लागलेल्या माणसाकडे बघावं तसे.

"पण एवढ्यात जायला नको होता," मिस्त्रीनं माझी बाजू घेतली. पंप लाखभर किलोमीटर चालायला हरकत नसते. बेल्ट जास्त ताणलेला असेल, सीलच कच्चं आलं असेल, तुमच्या बाटलीनं हातभार लावला असेल. "सील का गेलं ते सीललाच माहीत."

मी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन लावला. तिथल्या मुलीनं फार गोड आवाजात सांगितलं की वॉरंटी दोन वर्षं किंवा 40,000 किलोमीटर, जे आधी होईल ते. आणि सील ही झिजणारी वस्तू. माझं दोन्ही होऊन गेलं होतं. आप्पांनी फोन मागितला. त्यांनी तिला विचारलं, "बाय, ती झिजली की झिजवली?" पलीकडे संगीत लागलं.

आता खर्चाचं. आप्पांचं म्हणणं सरळ होतं. सील गेलंय, सील बदला. मिस्त्री हसला. जुन्या गाड्यांच्या पंपांचं किट मिळायचं, सील आणि बेअरिंग काढून नवं ठोकून देत असू. आता पंप अख्खाच येतो, अख्खाच जातो. आप्पा म्हणाले, "म्हंजे वायसर गेला की नळ बदला. उद्या नळ गेला की न्हाणी बदला म्हणतील."

पंपाची किंमत 3,250. ती ऐकून मला बरं वाटलं आणि माझी चूक तिथेच झाली. कारण तळहातावर मावणारी ही वस्तू आमच्या गाडीत टायमिंग बेल्टच्या मागे बसवलेली आहे. तिथवर पोचायचं तर उजवं चाक काढा, इंजिनाला खालून टेका द्या, माउंटिंग सोडवा, कव्हर काढा, बेल्ट उतरवा. आणि एवढं उघडल्यावर 43,000 चाललेला बेल्ट परत कोण घालील? पुढे तो तुटला तर आतले व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटतात, आणि मग इंजिनाचाच खर्च. म्हणून बेल्ट आणि टेन्शनर, 4,100. कूलंट सगळा धुऊन नवा, 1,050. मजुरी 3,000. पॅकिंग-सिलिकॉन 150. चिपळूणहून एसटीनं पार्सल, 120.

मला वाटलं होतं आप्पा इथं उखडणार. पण ते खाली बसले, मातीत काडीनं रस्ता काढला, रस्त्याखाली पाइप काढला. "ह्ये बघ," म्हणाले. लालबागेत जोड गळायला लागला तर जोडाला लागतं काय? थोडं शिसं, दोन माणसं, अर्धा दिवस. पण वरचा रस्ता खोदायचा, रहदारी वळवायची, खड्डा बुजवायचा, वर पुन्हा डांबर. पैसे पाण्याला जात नाहीत, खड्ड्याला जातात. गाडीचंही तेच. पंप स्वस्त आहे, पंपापर्यंतचा खड्डा महाग आहे. मिस्त्रीनं हातातला पाना खाली ठेवला आणि म्हणाला, "चाचा, मी वीस वर्षं गिऱ्हाइकाला हेच समजावतोय, पण असं जमलं नाही."

पार्सल यायला दोन दिवस लागले. या दोन दिवसांत आप्पा रोज सकाळी नऊच्या एसटीनं माझ्याबरोबर गॅरेजात यायचे, चालू असलेल्या प्रत्येक गाडीच्या नळ्या बघायचे आणि थर्मोस्टॅट दिसला की "व्हॉल्व्ह!" म्हणून ओळख पटवायचे. मीही त्यांना गाडीच्या गोष्टी सांगून वेळ काढला. 1908 साली फोर्डची मॉडेल टी गाडी निघाली तेव्हा पहिल्या अडीचेक हजार गाड्यांना पाण्याचा पंप होता, मग त्यांनी तो काढूनच टाकला. तापलेलं पाणी आपण होऊन वर चढतं, रेडिएटरमध्ये थंड होऊन खाली उतरतं, पंप नाहीच. आप्पा ताडकन उठून उभे राहिले.

"पंप नाय?"

"नाही."

"आपोआप?"

"आपोआप."

"तानसा!" आप्पा म्हणाले. फोर्ड हा माणूस पाणीखात्यातला असणार याबद्दल त्यांना शंका उरली नाही. ती पद्धत नंतर मागे का पडली, इंजिनं मोठी झाली आणि त्यांची उष्णता नुसत्या उताराला आवरेना, हे मी सांगितलं. पण ते त्यांनी ऐकलं नाही. भातसाबद्दलचं काहीच ते नीट ऐकत नाहीत.

तिसऱ्या दिवशी दुपारी जुना पंप बाहेर आला. मिस्त्रीनं तो फडक्यावर ठेवला. लहानसं ॲल्युमिनियमचं अंग, मधून आरपार दांडा, आतल्या टोकाला पाणी ढकलणारा पात्यांचा पंखा. दांड्याला हातानं हलवलं की तो किंचित खुळखुळे. अंगाच्या खालच्या बाजूला वाटाण्याएवढं भोक, आणि भोकाभोवती हिरवी-गुलाबी खपली वाळलेली, खाडीकाठच्या दगडावर कालवांची कवचं धरतात तशी खरबरीत. दोन रंगांचे दोन्ही कूलंट त्या खपलीत नांदत होते.

"ह्ये भोक कुणी पाडलं?" आप्पांनी विचारलं.

"कंपनीनंच ठेवलंय, चाचा. आतलं सील फाटलं की पाणी बेअरिंगमध्ये घुसायच्या आधी इथून बाहेर पडतं. बघणाऱ्याला कळावं म्हणून."

आप्पा गप्प झाले. भोकात त्यांनी करंगळीचं नख घातलं, काढलं, परत घातलं. एसटी गेली, दुसरी आली, गॅरेजातल्या पोरानं चहा आणला, तो निवला.

"कळावं म्हणून?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"व्हय."

मला वाटतं, त्या दिवशी आप्पांना जन्मात पहिल्यांदा कुणीतरी आपल्या जातीचा भेटला. दहा वर्षं त्यांनी लपलेल्या गळत्या शोधल्या. डांबराखालच्या, भिंतीतल्या, मोऱ्यांमागच्या, रात्री दोन वाजता ओणवं होऊन. कुठला पाइप कधी हात वर करून म्हणाला नाही की इथून गळतोय. आणि इथं कुणा लांबच्या देशातल्या माणसानं, पाणी आत घालायच्या आधीच, ते बाहेर यायला दार ठेवलं होतं. पंप लवकर गेला हा आमचा राग. आप्पांना तो शिवलाही नाही. "बाबारे," ते मला म्हणाले, "दार ठेवलंय, आणि तू म्हणतोस एसीचं पाणी."

हे मला लागलं, आणि लागायला हवंच होतं. त्या दिवशी सारवलेलं अंगण नसतं तर मी तसाच परत निघालो असतो, आणि शेनाळे घाटात नाहीतर वडखळच्या रांगेत लाल दिवा लागला असता. मग हेड गॅस्केट, हेड वाकलं तर लेथवर फेसिंग, आणि आकडा तीस-चाळीस हजारांच्या घरात.

बिल झालं 11,670. आप्पांनी खिशातली पेन्सिल काढून त्याच्या मागे दोन ओळी लिहिल्या. माल 3,250. खड्डा 8,420. खाली सही केली, तारीख घातली. ते बिल मी अजून गाडीच्या कप्प्यात ठेवलंय. मिस्त्रीनं मजुरीतले दोनशे परत द्यायला काढले तर आप्पांनी ते घेऊ दिले नाहीत. जुना पंप मात्र मागून घेतला, काकीकडून घासून घेतला, आणि ओटीवर दांडीशेजारी मांडला. दसऱ्याला त्याला फूल वाहिलं असं काकीनं फोनवर सांगितलं. "झेंडूचं," ती म्हणाली, "आणि माझ्या पाट्या-वरवंट्याला नुसतं हळद-कुंकू."

या मे महिन्यात आम्ही पुन्हा गेलो. गाडी लावली, पाया पडलो. आप्पा गाडीभोवती एकदा फिरले, दुसऱ्यांदा फिरले. उकिडवे बसले, उठले. अंगण सुकं खडखडीत. पुढचे दोन दिवस त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. माझ्या पगाराची चौकशी केली नाही, फिटरचा विषय काढला नाही, रात्री दोनला कुणी उठवलं नाही. काकी मला बाजूला घेऊन म्हणाली, "काय रे, तुमचं भांडणबिंडण झालंय काय?"

तिसऱ्या दिवशी दुपारी मी गाडीत जाऊन बसलो, काचा लावल्या आणि एसी पूर्ण सोडून वीस मिनिटं नुसता बसून राहिलो. पेट्रोल जळत होतं. ही गळती मला दिसत होती, पण इलाज नव्हता. मग उतरून घरात गेलो आणि खिडकीच्या आडून बघत राहिलो.

आप्पा अंगणात आले. थबकले. खाली वाकले. डाव्या बाजूला, सारवलेल्या जमिनीवर, रुपयाएवढा गोल. बोट टेकवलं, या वेळी शहाण्यासारखं फक्त नाकाशी नेलं. मान हलवली. त्यांना कळलं होतं. त्यांना कळणार नाही असं पाणी अजून व्हायचंय. तरी ते उठले नाहीत. धोतर सावरून नीट मांडी घालून बसले, मनगटावरचं घड्याळ सोडून हातात घेतलं, आणि आत हाक मारली.

"अगो, वाटी दे."

"चांगली नाय मिळायची," काकी आतून ओरडली. "गेल्या वर्षीची ती इखाची बाहेर कोनाड्यात ठेवलीय, ती घ्या."